किल्ली माझ्याकडे आहे, मुश्ताकभाई

मुश्ताकभाई, तुमच्या जाण्याने शिक्षणक्षेत्रात निर्माण झालेली पोकळी कधीही भरून निघणार नाही.

हे वाक्य माझं नाही, आपल्या संस्थेच्या अध्यक्षांचं आहे. शोकसभेत त्यांनी ते डोळे मिटून म्हटलं, आणि इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलंच तंतोतंत खरं वाक्य. कारण त्याच दिवशी सकाळी कार्यकारिणीत ठरलं होतं की तुमची जागा भरायची नाही. अकरावीला यंदापासून इलेक्ट्रिकलचा विषय द्यायचा नाही. बारावीत गेलेल्या पोरांना कॉम्प्युटरच्या वर्गात सरकवायचं. आणि तुमच्या वर्कशॉपची, म्हणजे मैदानाच्या कडेच्या त्या लांबट पत्र्याच्या खोलीची, वातानुकूलित अभ्यासिका करायची. तिथे प्रवेश परीक्षांची तयारी होईल, अमरावतीचे एक क्लासवाले ती चालवतील. अभ्यासिकेला नाव तुमचं.

माणसाचं काम बंद करून त्या जागेला त्याचं नाव देणं, याला आपल्याकडे स्मारक म्हणतात.

सभेला तुम्ही असतात तर पहिल्या पाच मिनिटांत 'जरा बाहेर जाऊन येतो' म्हणून उठला असतात आणि परत आला नसतात. तुमच्या फोटोला हार होता, पुढे समई होती. तुमचे मोठे भाऊ पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी समईकडे एकदा पाहिलं, टोपी सारखी केली आणि मग शेवटपर्यंत जमिनीकडे पाहत राहिले. अध्यक्ष शेवटी 'ॐ शांती' म्हणाले, आणि उपप्राचार्यांनी कानात काही सांगितल्यावर 'आमीन'ही म्हणाले. दोन्हीकडची सोय झाली.

पण मला सांगायचं आहे ते वेगळंच. तुमच्यावरची चित्रफीत दाखवायची म्हणून हॉलच्या सगळ्या खिडक्या बंद होत्या, पडदे ओढलेले होते. एप्रिलचा शेवट, अकोल्यातली दुपार. आणि व्यासपीठाशेजारच्या कोपऱ्यात, बंद हॉलच्या आत, तुमच्या वर्कशॉपातल्या पोरांनी बनवलेला मोठा कूलर चालू होता. आतलीच दमट हवा आत ओढायचा आणि आणखी दमट करून आमच्यावर सोडायचा. लोक रुमालाने डोळे, कपाळ, मान पुसत होते. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की उपस्थितांना अश्रू अनावर झाले.

ज्या एका चुकीविरुद्ध तुम्ही हयातभर भांडलात, तीच तुमच्या फोटोसमोर चालू होती. मी उठून खिडकी उघडली. मागून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "मॅडम, गार हवा बाहेर जाते ना." मी खिडकी बंद केली. शोकसभेत भांडण बरं दिसत नाही. पण त्या क्षणी मी ठरवलं की भांडण करायचं, फक्त सभेनंतर.

तुम्हाला हे सांगायची गरज नाही, पण अध्यक्षांनाही धड माहीत नसल्यामुळे लिहून ठेवते. तुमचा विषय ज्यात येतो तो द्विलक्षी अभ्यासक्रम म्हणजे असं : अकरावी-बारावी सायन्सचं पोरगं फिजिक्स, केमिस्ट्री, गणित आणि इंग्रजी शिकतं, आणि दुसरी भाषा व जीवशास्त्र यांच्या जागी हाताने करायचा एक विषय घेतं. तुमचा विषय विजेच्या उपकरणांची देखभाल. कल्पना अशी की पोराला इंजिनिअरिंगचं दारही उघडं राहावं आणि हातात कसबही यावं. कागदावर ही कल्पना इतकी चांगली होती की ती कागदावरच राहावी याची सगळ्यांनी काळजी घेतली. मोठ्या कॉलेजांत द्विलक्षी म्हणजे प्रॅक्टिकलचे गुण सढळ हाताने मिळण्याची जागा. लहान कॉलेजांत द्विलक्षी म्हणजे 'ढ' पोरं बसवायची खोली. आपल्याकडे तुम्ही येईपर्यंत ती खुर्च्या ठेवायची खोली होती.

मी इथे आधीपासून फिजिक्स शिकवत होते; तुम्ही नवीन आलात आणि एक दिवस स्टाफरूममध्ये येऊन माझ्यासमोर उभे राहिलात. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"मॅडम, तुमचं ते बाष्पीभवन कोन्त्या महिन्यात शिकवता?"

"नोव्हेंबरात."

"अन् मी कूलर खोलतो मार्चात. पोट्टं नोव्हेंबरातलं मार्चात विसरते अन् मार्चातलं परीक्षेत. काहून असं येगयेगळं करून राहिलो आपण?"

मी अंजनगाव सुर्जीची, मला ही भाषा परकी नव्हती, पण स्टाफरूममध्ये आम्ही सगळे पुस्तकी बोलायचो. मी पुस्तकीत उत्तर दिलं, की अभ्यासक्रमाचा क्रम मंडळाने ठरवलेला आहे. तुम्ही म्हणालात, "मंडळाले उकडत नसन."

गुरुवारचा जोडतास तिथून सुरू झाला. माझा फिजिक्सचा तास आणि तुमचं प्रॅक्टिकल एकामागे एक, एकाच खोलीत, दोघंही हजर. वेळापत्रक करणाऱ्या सरांनी विचारलं, की वर्कशॉपात बाकं कुठे आहेत. तुम्ही म्हणालात, "उभ्यानं शिकतीन. बसून शिकल्यानं काय झालं ते पाहून राहिलो ना आपण." ते सर बसलेलेच होते. त्यांनी सही केली.

पहिल्याच गुरुवारी तुम्ही दोन कूलर लावले. एक खिडकीत, तोंड आत, समोरची खिडकी उघडी. दुसरा शेजारच्या खोलीत, आत, सगळं बंद. मी प्रयोगशाळेतून ओला आणि कोरडा तापमापक आणले. पोरं दोन्ही खोल्यांत पळत होती, आकडे ओरडून सांगत होती. बंद खोली तासाच्या शेवटी भाताच्या पातेल्यासारखी झाली होती. मग मी फळ्यावर बाष्पीभवनाची उष्णता मांडली आणि माझ्या नोकरीत पहिल्यांदाच एका मुलाने मला सांगितलं, "मॅडम, हे खरंच होते."

पोरं घरी जाऊन आयांना म्हणाली, खिडकी उघड. वऱ्हाडात घरोघरी कूलर आहे आणि घरोघरी खिडकी बंद आहे. एकाही आईने ऐकलं नाही. पुढच्या गुरुवारी सगळी पोरं हरून आली. तुम्ही हसत म्हणालात, "माह्या घरीबी बंदच आहे. अम्मी म्हन्ते, पैशाची हवा रस्त्यावर काहून सोडू." आणि मग गंभीर होऊन फळ्याकडे बोट दाखवलंत. "घरी हरले तं हरले. पन आता तुमाले मालूम आहे का आपुन बरोबर आहो. ते सोडू नका."

तुमची एक रीत सगळ्या कॉलेजला खटकायची. पहिला येणाऱ्या पोराला तुम्ही 'मिस्त्री' म्हणायचात आणि नापास होणाऱ्याला 'इंजिनिअरसाहेब'. एका टॉपरचे वडील, मोठे डॉक्टर, तावातावाने आले होते. माझ्या मुलाला मिस्त्री म्हणता?

"नाई म्हनत," तुम्ही म्हणालात. "अजून कच्चा आहे तो. दिवाळीपर्यंत म्हनीन."

डॉक्टर प्राचार्यांकडे गेले. प्राचार्यांनी तुम्हाला समज दिली. तुम्ही दिवाळीनंतर त्या मुलाला खरंच मिस्त्री म्हटलंत, सगळ्यांसमोर. मुलगा त्या दिवशी फुगून फिरत होता. डॉक्टरांना अजून माहीत नसावं.

मला मात्र तुम्ही कायम 'मॅडम' म्हणालात. एकदा सोडून. वीज गेली होती आणि मी टॉर्च तोंडात धरून स्टार्टरची जळलेली वायर काढून नवी बसवली. दिवे आले, मोटर फिरली, आणि तुम्ही चहाची बशी खाली न ठेवता म्हणालात, "चला, येक मिस्त्री वाढला." मी हातावरचं काळं पुसत राहिले. माझ्याकडे पदव्या आहेत, त्यातल्या एकीवर कुलगुरूंची सही आहे. पण मला कुणी दिलेली एवढीच पदवी आठवते.

मग नवीन शैक्षणिक धोरण आलं. त्यात मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की व्यवसाय शिक्षण आणि पुस्तकी शिक्षण यांच्यात भिंत नको. तुम्ही म्हणालात, "हे तं मी जवानीपासून बोंबलून राहिलो. मले काहून कोनी धोरण म्हनलं नाई?" संस्थेने धोरणाचं स्वागत म्हणून 'कौशल्याकडून उत्कृष्टतेकडे' असा परिसंवाद ठेवला. बाहेरून वक्ते आले, शाली आल्या. वर्कशॉप दोन दिवस बंद राहिलं, कारण जेवणाची व्यवस्था तिथे होती. लेथ मशीनवर पांढरी चादर घालून वर कोशिंबीर मांडली होती. तुम्ही ताट घेऊन रांगेत उभे राहिलात आणि माझ्याकडे वळून म्हणालात, "मॅडम, भिंत पडली."

आता आपल्या भांडणाकडे येते. ते अर्धं राहिलं आहे आणि तुम्ही गेलात म्हणून मी ते सोडणार नाही.

तुम्ही गुण द्यायला कंजूष होता. प्रॅक्टिकलला बाहेरचे परीक्षक येत, त्यांना पोहे-चहा होई, आणि सगळ्या कॉलेजांत सगळ्या पोरांना जवळपास पूर्ण गुण पडत. तुम्ही परीक्षकासमोर स्वतःच्या पोरांच्या चुका काढायचात. ममता कासदेकर धारणीहून आलेली, वसतिगृहात राहणारी मुलगी. गणितात तिच्या तोडीचं त्या वर्षी कुणी नव्हतं. तिने मोटरची जोडणी बरोबर केली, पण अर्थिंग तपासायला विसरली, आणि तुम्ही गुण कापलेत. त्या वर्षी बारावीचे गुण प्रवेशाला धरत होते. तिचा इंजिनिअरिंगच्या डिग्रीचा प्रवेश थोडक्यात हुकला, ती पॉलिटेक्निकला गेली.

मी तुम्हाला म्हटलं होतं, तुमच्या तत्त्वाची किंमत तुम्ही नाही, पोरगी भरते. अख्खा महाराष्ट्र पोह्यांवर गुण देतो आणि तुम्ही एकटे हरिश्चंद्र.

तुम्ही म्हणालात, "कूलरले अर्थिंग नसलं तं माणूस मरते, मॅडम. टक्क्यानं नाई मरत कोनी."

"टक्क्यानंही मरतात. हळूहळू मरतात, म्हणून पेपरात येत नाही."

तुम्ही त्यावर 'मॅडम, पाना द्या' म्हणालात. तुम्ही पाना मागितलात म्हणजे मी जिंकले असं मी धरून चालले होते. तुम्ही ते कधीच मान्य केलं नाहीत. माझं म्हणणं होतं की वर्कशॉपपायी तिची डिग्री गेली. तुमचं म्हणणं होतं की वर्कशॉप नसतं तर ती दिवाळीलाच गावी जाऊन परत आली नसती. दर उन्हाळ्यात हा वाद निघायचा. चहा गार व्हायचा, वाद नाही.

शोकसभेनंतर मी बाळापूरला आले. तुमच्या घरी बायका बसल्या होत्या. कोपऱ्यात कूलर चालू होता, खिडकी बंद. मी खिडकीकडे पाहिलं. भाभींच्या ते लक्षात आलं. रडून सुजलेल्या डोळ्यांनी त्या म्हणाल्या, "मत खोलो मॅडम, थंडी हवा निकल जाती. वो भी जिंदगीभर बोलतेच रहे."

"तुम्ही ऐकलं नाही?"

"घर में कौन किसकी सुनता?" त्या म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून हसल्या की रडल्या ते मला कळलं नाही. मी खिडकी तशीच ठेवली. ते घर तुम्ही जिंकायचं होतं, मी नाही.

ममता तिथेच भेटली. ती आता वीज कंपनीत अकोटला आहे, हाताखाली माणसं आहेत. आम्ही दोघी तुमच्या ओट्यावर बसलो. मी म्हटलं, ममता, तुझ्यावरून सर आणि मी इतकी वर्षं भांडलो. आता तूच सांग. तुझं नुकसान कुणी केलं, सरांनी की मंडळाने? आणि वर्कशॉपमुळे तू टिकलीस की वर्कशॉपमुळे तुझी डिग्री गेली?



"तुमी दोघांनी मले कधी इचारलंच नाई, मॅडम."

"आता विचारते."

"होस्टेलले पंखा नोता," ममता म्हणाली. "वर्कशॉपात कूलर होता. म्हून मी गुरुवारची वाट पाहो. मंग रोजच येऊ लागली. आली तं सर काम लावत, काम लावलं तं तुमी गणित टाकत. तसंच शिकली."

मुश्ताकभाई, आपण दोघांनी त्या मुलीवर केवढं शैक्षणिक तत्त्वज्ञान उभं केलं होतं.

मग ती म्हणाली, "पन अर्थिंग मी त्यानंतर कधीच नाई विसरली. माह्या लाइनवर आजवर कोनी मेला नाई." हा गुण मी तुमच्या खात्यात टाकते. पूर्ण नाही. भांडण चालू आहे.

मी तिला अभ्यासिकेचं सांगितलं. बारावीची पोरं अर्ध्यात सोडून कॉम्प्युटरला पाठवणार, हे सांगितलं. तिने विचारलं, "किल्ली कोनाकडं आहे?"

किल्ली माझ्याकडे होती. गुरुवारच्या जोडतासामुळे तुम्हीच मला दुसरी किल्ली करून दिली होती.

सोमवारी मी अध्यक्षांच्या केबिनमध्ये गेले. तिथे एसी आहे, खिडकी नाही. ते म्हणाले, "मॅडम, काळ बदललाय. पालकांना अभ्यासिका हवी आहे. आणि सरांचं नाव तर कायमचं राहतंय ना?"

"नाव राहू द्या," मी म्हटलं. "बारावीच्या पोरांनी हा विषय शिकायला प्रवेश घेतला आहे. त्यांना तो मिळेल. बारावीचे सुट्टीतले जादा तास चालू आहेत, गुरुवारी आमचा तास आहे."

"शिकवणार कोण? तुम्ही तर फिजिक्सच्या."

"ओहमचा नियम फिजिक्समध्येच आहे, साहेब. फार दिवसांपासून आहे. प्रॅक्टिकलला सरांची विद्यार्थिनी येईल, वीज कंपनीत आहे, गुरुवारी तिची सुट्टी असते."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर बारावीच्या पोरांचे पालक शोकसभेला आले होते त्याच हॉलमध्ये पुन्हा येतील. या वेळी खिडक्या उघड्या ठेवू, म्हणजे बाहेरही ऐकू जाईल."

मी दोन वर्षांत निवृत्त होते आहे हे अध्यक्ष मनात मोजत असावेत. निवृत्तीला आलेल्या बाईचं काय वाकडं करणार, हा हिशेब त्यांना पटकन जमला. "एक वर्ष," ते म्हणाले. "तुमच्या जबाबदारीवर. लेखी काही देणार नाही."

लेखी मी मागितलंही नाही. आपल्या संस्थेत लेखी दिलेलं काय टिकलं आहे?

म्हणजे यंदा अकरावीची तुकडी नाही. ती लढाई मी हरले आहे, तुमच्यापासून लपवत नाही. अभ्यासिकेचा नामफलक आला आहे आणि माझ्या टेबलामागे भिंतीला तोंड करून उभा आहे. पाहुणे मिळेपर्यंत त्याचं अनावरण होणार नाही. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा भांडू. ज्या पोरांना लोक एका दारातून इंजिनिअर आणि दुसऱ्या दारातून मिस्त्री म्हणून वेगवेगळे पाठवू पाहतात, ती पोरं यंदा तरी एकाच दारातून आत येतील, आणि त्या दाराला माझं कुलूप असेल. हे मी तुम्हाला वचन म्हणून सांगत नाही. वचनं शोकसभेत पुष्कळ झाली. वेळापत्रक म्हणून सांगते आहे.

आभार मानायचे राहिले. ते मी मानणार नाही, कारण तुम्ही मानू दिले नसते. 'मॅडम, पाना द्या' म्हणून विषय बदलला असतात. तुमचा पाना तुमच्या जागी आहे. मी तो वापरते आहे.

गुरुवारी तास झाला. पोरांनी हॉलमधून कूलर उचलून वर्कशॉपात आणला आणि खिडकीत बसवला, तोंड आत. समोरची खिडकी उघडली. ममताने आधी अर्थिंग तपासलं, मग तुमच्याकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं, मग बटण दाबलं. खोली गार होऊ लागली. मी फळ्यावर बाष्पीभवन मांडलं, नोव्हेंबराची वाट न पाहता.

तास संपताना पुढच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, त्या दिवशी मौन पुरं झालं नोतं." खरं होतं. दोन मिनिटं जाहीर केली होती, पण हॉलमध्ये उकडत असल्यामुळे अध्यक्षांनी निम्म्यात आटोपलं होतं. उरलेलं आम्ही इथे उभे राहून पाळलं, खिडक्या उघड्या ठेवून, कुणालाही घाम न येता.

मौन मात्र म्हणता येणार नाही. कूलरचा पंखा घासतो आहे. बेअरिंग गेलं आहे.